मागच्या ड्रमच्या जागी डिस्क: कमी खर्चात करायचं असेल तर आधी हे समजून घ्या

महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटाने उतरत होतो आणि अर्ध्यात आल्यावर एका वळणाला ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं जास्तच खाली गेलं. गाडी थांबली, पण पोटात गोळा आला. पहिली सावली दिसली तिथे गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो तर जळक्या लायनरचा (ब्रेकच्या घासणाऱ्या थराचा) तो ओळखीचा वास. पुढच्या चाकांजवळ हात नेला तर चटका बसेल अशी धग. मागच्या दोन्ही चाकांत ड्रम ब्रेक आहेत, त्यातलं उजवं चाक कोमट. आणि डावं चाक चक्क गार. म्हणजे एवढा घाट उतरलो त्यात त्या चाकाने काहीच काम केलं नव्हतं.

घरी आलो ते ठरवूनच, की आता मागे डिस्क ब्रेक टाकायचे, ड्रमचा नाद सोडायचा. मग दोन-तीन महिने वाचणं, गॅरेजवाल्यांना विचारणं, भंगारात फिरणं असं सगळं झालं आणि शेवटी माझ्या गाडीत मी डिस्क टाकल्या नाहीत. मित्राच्या गाडीत मात्र टाकल्या, आम्ही दोघांनी मिळून. दोन्ही निर्णय का घेतले ते सांगतो, कारण जुनी गाडी असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात हा विचार कधी ना कधी येतोच, आणि "डिस्क म्हणजे भारी, ड्रम म्हणजे जुनाट" एवढ्यावरच बरेच जण पैसे घालून बसतात.

आधी दोन्हीत फरक काय ते बघू. डिस्क ब्रेक म्हणजे मोठा केलेला सायकलचा ब्रेक, फिरणारी एक तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड, आणि ते पॅड दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. जेवढं दाबाल तेवढंच धरणार, स्वतःहून काही वाढवणार नाही. ड्रमचं वेगळं आहे. फिरणाऱ्या डब्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात, मधला व्हील सिलेंडर त्यांना बाहेर ढकलतो आणि लायनर डब्याला आतून घासतं. आता यातली गंमतीची गोष्ट अशी की चाक ज्या दिशेने फिरतंय त्या दिशेच्या शूला ड्रम स्वतःच ओढून आणखी घट्ट दाबतो. दाराखाली पाचर लावली की दार जेवढं ढकलाल तेवढी ती आत रुतत जाते ना, अगदी तसंच. म्हणजे कमी दाबात जास्त पकड, आणि ती फुकटात. म्हणूनच बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं उपकरण) नसलेल्या जुन्या गाड्या चारही चाकांना ड्रम असूनही पायाने थांबायच्या. प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवलीय त्यांना पायाला किती जोर लागायचा ते आठवत असेल, पण थांबायची.

ड्रमचा खरा वैरी म्हणजे उष्णता. ब्रेक म्हणजे शेवटी गाडीचा वेग नाहीतर उंची घेऊन तिची उष्णता करणारं यंत्र. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर आणि पोलादपूर अगदी खाली. हजार किलोची गाडी तेराशे मीटर खाली आणायची तर जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तेवढ्यात नळाचं चाळीस लिटर पाणी उकळेल. इंजिन ब्रेकिंग, हवा, टायर यात त्यातला बराच भाग जातो (म्हणून तर घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा), पण उरलेलं सगळं ब्रेकवर येतं. ड्रम बंद डबा असल्यामुळे ही उष्णता पटकन बाहेर जात नाही, शिवाय तापला की लोखंड फुगतं आणि ड्रमचा व्यास वाढतो, म्हणजे घासायची जागा शूपासून लांब जाते आणि पेडल खाली जातं. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळच येते, आणि उघडी असल्यामुळे वाऱ्याने गारही लवकर होते. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचे काही ब्रेक पोकळ लागतात, डिस्क मात्र एका फेरीत पाणी पुसून टाकते. हे सगळं खरंच आहे आणि डिस्कच्या बाजूचं आहे.

मग प्रश्न असा, की मागच्या चाकांना एवढी उष्णता येते का? यासाठी थोडं गणित बघू, सोपं आहे. समजा गाडी ड्रायव्हरसकट ९०० किलोची आहे, पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणजे उभी असताना साधारण ५४० किलो पुढे आणि ३६० मागे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर. कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक दाबला की गाडी नाक खाली करते, ते नुसतं दिसायला नसतं, त्या वेळी मागचं साधारण १५० किलो वजन खरोखर पुढे सरकतं. म्हणजे पुढे ६९० आणि मागे फक्त २१०. एका मागच्या चाकावर १०५ किलो. ज्या चाकावर वजनच नाही त्याला कितीही भारी ब्रेक लावा, टायर रस्त्याला धरणारच तेवढं. त्यापुढे चाक जाम होऊन घसरणार.

आता त्या एका चाकाला जाम करायला किती जोर पुरतो ते काढलं तर साधारण २२० न्यूटन मीटर (फिरणारं चाक रोखणाऱ्या जोराचं माप) येतो. आणि छोट्या गाडीचा १८० मिलिमीटरचा ड्रम, साडेसतरा मिलिमीटरचा व्हील सिलेंडर, ब्रेक लाइनमध्ये (ऑइलच्या नळीत) ५० बार दाब, असं धरलं तर ड्रम किती देतो? साधारण २४०. म्हणजे चांगल्या स्थितीतला साधा ड्रम मागचं चाक आत्ताच जाम करू शकतो, तेही पूर्ण जोर लावायच्या आधीच, कारण घाबरून दाबलेल्या ब्रेकला लाइनमधला दाब याहून बराच वर जातो. यामुळेच कंपनीने बऱ्याच गाड्यांत मागच्या लाइनवर एक प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो, जो एका ठराविक दाबानंतर मागे जाणारा दाब कमी प्रमाणात वाढू देतो.

हे आकडे समोर आल्यावर माझं मत बदललं. मागे डिस्क टाकल्याने गाडी कमी अंतरात थांबेल हा समज बहुतेक वेळा चुकीचा आहे. थांबायचं अंतर ठरवतात टायर आणि पुढचे ब्रेक. मागच्या डिस्कने फायदा होतो तो वारंवार जोरात ब्रेक लावल्यावर पकड तशीच राहण्यात, पॅड बदलणं सोपं होण्यात, पाणी लवकर सुकण्यात.

इतिहासही हेच सांगतो. १९५३ साली ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइप डिस्क ब्रेक लावून जिंकली तेव्हापासून डिस्कची हवा झाली, कारण तिथे तासन्‌तास वेगातून ब्रेक दाबायचा असतो. पण १९५५ ची सिट्रोएन डीएस घ्या, रस्त्यावरच्या गाडीत डिस्क आणणाऱ्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी ती एक, तिला डिस्क फक्त पुढे होत्या, मागे ड्रमच. आणि अगदी आत्ताची फोक्सवॅगन आयडी ३ आणि आयडी ४, पूर्ण इलेक्ट्रिक गाड्या, त्यांना मागे ड्रम आहेत! मोटरच गाडीचा वेग खेचून घेते, त्यामुळे मागच्या ब्रेकला काम कमी, आणि काम नसलेल्या डिस्कला गंज चढतो, बंद ड्रमला तेवढा चढत नाही. कोकणात ज्यांच्या गाड्या घरासमोर उभ्या असतात त्यांना हे वेगळं सांगायला नको, आठवडाभर पाऊस झाला की डिस्क तांबूस होते आणि कॅलिपरच्या पिना धरायला लागतात.

म्हणून पहिला सल्ला, आणि हा मी मनापासून देतोय: खर्च करायच्या आधी आहे तो ड्रम उघडून बघा. माझ्या गाडीचा उघडला तेव्हा डाव्या बाजूचा व्हील सिलेंडर गंजून पूर्ण जाम होता, उजव्या बाजूचा गळत होता आणि लायनरवर ब्रेक ऑइल उतरून ते काळं चकचकीत झालं होतं, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर (शू ड्रमच्या जवळ राखणारे) धुळीने आणि गंजाने बसलेले. मास्टर सिलेंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाच्या) बाटलीतलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट. म्हणजे मी ज्याला "ड्रम ब्रेकचा दोष" म्हणत होतो तो कित्येक वर्षं न केलेल्या सर्व्हिसिंगचा दोष होता. दोन नवीन व्हील सिलेंडर, नवे शू, स्प्रिंगचं किट, लेथवर ड्रमला हलकं टर्निंग (ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्याच्या पलीकडे गेला तर नवीनच घ्या), ॲडजस्टर साफ करून पुन्हा सेट केले, आणि सगळं ब्रेक ऑइल बदललं. हँडब्रेक आधी नऊ टकटकांवर धरायचा तो पाचवर आला. पेडल वर आलं. त्याच घाटातनं परत उतरलो, आणि खाली पोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला तेव्हा मागची दोन्ही सारखीच गरम होती. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

ब्रेक ऑइलबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तेच आहे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. डॉट ३ असेल तर तोच आकडा २०५ वरून १४०. घाटात कॅलिपर तापले आणि आतलं ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय थेट फळीला टेकतो. दोन वर्षांनी ऑइल बदलणं म्हणजे काहीशे रुपयांचं काम आहे. आणि तुमच्या गाडीला पुढेही ड्रमच असतील, तर डिस्कचे पैसे आधी पुढे घाला, मागचा विचारसुद्धा करू नका.

आता मित्राच्या गाडीकडे येतो. तो कोल्हापूरचा, त्याची जुनी हॅचबॅक फक्त ऑटोक्रॉसला (मातीवरच्या वेळेच्या शर्यतीला) जाते, तीही टेंपोवर चढवून, रस्त्यावर चालतच नाही. तिथे मातीत, वळणावळणावर सतत ब्रेक, हँडब्रेक ओढून मागचं वळवायचं, दोन फेऱ्यांत ड्रम तापून सुस्त व्हायचे. त्याला डिस्कची गरज खरी होती आणि बजेट कमी होतं.

कमी बजेटमध्ये हे काम करायचा सगळ्यात शहाणा रस्ता म्हणजे आपल्याच गाडीच्या खानदानात शोधणं. त्याच मॉडेलचं किंवा त्याच प्लॅटफॉर्मचं महागडं व्हर्जन मागे डिस्क घेऊन आलं होतं का? जगभर सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन गोल्फची दुसरी पिढी. साध्या गोल्फला मागे ड्रम, पण तिच्याच जीटीआयला २२६ मिलिमीटरची डिस्क. त्यामुळे युरोपात लोक जीटीआयचा मागचा सगळा सेट, काही जण तर मागचा पूर्ण बीमच (मागचा ॲक्सल), भंगारातून उचलतात आणि साध्या गोल्फला लावतात, कारण बोल्टची भोकं, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), केबल सगळं घरचंच. पुढे अनुभवातून कळलं की त्या जुन्या कॅलिपरचा हँडब्रेकचा दांडा गंजून अडकतो, मग लोकांनी चौथ्या पिढीच्या गोल्फचे ॲल्युमिनियमचे कॅलिपर त्यावर बसवायला सुरुवात केली. आपल्यापैकी जे जर्मनीत राहतात त्यांना माहीत असेल, तिथे असा बदल केला की टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या तपासनीसाला दाखवून गाडीच्या कागदांवर चढवून घ्यावा लागतो. म्हणजे कोणीतरी जाणकार माणूस बघतो, मोजतो आणि सही करतो. हे मला फार पटतं.

आपल्याकडे प्रत्येक जुन्या गाडीचं असं डिस्कवालं भावंड मिळत नाही. मग दुसऱ्या गाडीचे कॅलिपर आणि डिस्क घेऊन मध्ये ब्रॅकेट बनवावं लागतं. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्टची दुकानं आहेत तिथनं आम्ही हब, कॅलिपर आणि हँडब्रेकच्या केबल उचलल्या, एकाच गाडीच्या दोन्ही बाजूंचा पूर्ण सेट, सुटे सुटे नाही. ब्रॅकेट कोल्हापुरात उद्यमनगरला करून घेतलं. तिथल्या मिस्त्रीने आधी पुठ्ठ्याचं ब्रॅकेट कापलं, बसवून बघितलं, मग दहा मिलिमीटरच्या प्लेटमध्ये कापलं, आणि कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर यावा म्हणून वॉशर लावून न भागवता लेथवर बरोबर मापाचे स्पेसर काढून दिले. ही गोष्ट बारीक वाटते पण फार महत्त्वाची आहे. कॅलिपर डिस्कला समांतर नसेल तर पॅड तिरके झिजतात आणि ब्रेक दाबताना ब्रॅकेट मुरगळतं. डिस्क फिरवून डायल गेजने वाकडेपणा बघितला, तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच पाहिजे. बोल्ट १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त मजबूत, आणि वेल्डिंग कुठेही नाही. ब्रेकच्या ब्रॅकेटला वेल्डिंग करून पैसे वाचवायचे असतील तर हे कामच करू नका.

जुनं काय चालतं आणि नवीन काय घ्यायचं? कॅलिपरची बॉडी, हब हे जुनं चालतं, पण कॅलिपर खोलून आतला पिस्टन गंजलाय का बघायचं आणि नवीन रबर किट टाकायचं. डिस्क, पॅड, रबरी होज, व्हील बेअरिंग हे नवीनच, यात तडजोड नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, जुनी घ्यायचीच झाली तर जाडी मोजायला व्हर्निअर घेऊन जा. आणि खरेदीच्या आधी चाकाचं माप बघा, बारा इंची रिममध्ये कॅलिपर बसवणं फार अवघड जातं, रिम घासते. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागचं बेअरिंग ड्रमच्याच पोटात असतं, म्हणजे ड्रम काढला की हबच गेला, तिथे नुसती डिस्क आणून उपयोग नाही.

आता पिस्टनचं माप. खरं तर सगळा लेख यासाठीच लिहितोय म्हटलं तरी चालेल. वर सांगितलं की ड्रमला पाचरीसारखी फुकटची मदत मिळते, डिस्कला नाही. ती भरून काढायला कॅलिपरचा पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) मोठा लागतो. साधारण २२६ ची डिस्क धरली, तर ३० मिलिमीटर पिस्टनचा कॅलिपर त्याच ५० बारला साधारण २४० न्यूटन मीटर देतो, म्हणजे आपल्या ड्रमएवढंच. ३४ चा पिस्टन घेतला की ३१० च्या आसपास, आणि ३८ चा घेतला तर ३९० च्या जवळ. चार-आठ मिलिमीटरचा फरक डोळ्याला काहीच वाटत नाही, पण क्षेत्रफळ वर्गात वाढतं, त्यामुळे ३८ चा कॅलिपर मागच्या चाकावर दीडपटीहून जास्त जोर टाकतो. भंगारात मोठ्या सेडानचा दणकट कॅलिपर स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, छोट्या गाडीला लावला, आणि पहिल्याच कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम. जाम झालेलं चाक बाजूची पकडही सोडतं. पुढची आधी जाम झाली तर गाडी सरळ जाते, वळत नाही, पण निदान तोंड पुढे राहतं. मागची आधी झाली तर शेपूट पुढे यायला बघतं. मोटरवेला ट्रक शेजारी असताना हे झालं तर काय होईल याचा विचार करा.

मोठ्या पिस्टनला ऑइलही जास्त लागतं, मास्टर सिलेंडर छोटा असेल तर पेडल खोल जातं. शिवाय काही जुन्या गाड्यांत, खास करून अमेरिकन, ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारा एक व्हॉल्व्ह असतो, तो तसाच ठेवला तर पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि चाक तापत बसतं. तो काढावाच लागतो.

मग लोक म्हणतात, मागे जास्त होतंय ना, हाताने कमीजास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावू. लावता येतो, पण तुमच्या गाडीची लाइन कशी आहे ते बघा. मागच्या दोन्ही चाकांना एकच लाइन जात असेल तर एक व्हॉल्व्ह पुरतो. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत लाइन तिरकी असते, पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटवर, पुढचं उजवं आणि मागचं डावं दुसऱ्यावर, म्हणजे एक सर्किट फुटलं तरी एक पुढचा ब्रेक शिल्लक राहतो. अशा गाडीत एकच व्हॉल्व्ह लावायचा म्हणून दोन्ही मागच्या लाइन जोडल्या तर तुम्ही ती सुरक्षाच काढून टाकली, एक गळती झाली की चारही गेले. आणि एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हे सगळं करूच नका, त्याचं गणित त्याच ब्रेकवर बसवलेलं असतं.

हँडब्रेक हा लोकांनी शेवटी विचार केलेला आणि शेवटी रडवणारा भाग. ड्रममध्ये तो आयताच असतो आणि मस्त धरतो. डिस्कमध्ये एकतर कॅलिपरलाच हँडब्रेकचा दांडा पाहिजे, नाहीतर डिस्कच्या टोपीत लपलेला छोटा ड्रम. नुसता पुढचा कॅलिपर मागे लावला तर हँडब्रेकच नाही, आणि तशी गाडी उतारावर सोडून जाणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. दांडा असलेल्या कॅलिपरचा पिस्टन सी-क्लँपने दाबून आत जात नाही, तो फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. जोर लावून दाबलात तर आतला स्क्रू गेला, कॅलिपर गेला.

आमची अडचण वेगळीच निघाली. सगळं बसवलं, बंडी पाइप (ब्रेक ऑइलची धातूची नळी) नवीन टाकला, लाइनमधली एअर काढायला बसलो. मित्र आत पेडलवर, मी खाली पाना आणि पारदर्शक नळी घेऊन. दाब, धर, सोड. दुपारी दोनला सुरू केलं, पाच वाजले, दीड लिटर ऑइल गेलं, तरी पेडल स्पंजसारखं. मास्टर सिलेंडर गेला असेल, होज फुगत असेल, सगळे तर्क झाले. मग चहा घेताना उद्यमनगरच्या त्याच मिस्त्रीने वाकून बघितलं आणि बोट दाखवलं. ब्लीडिंगचा निपल, म्हणजे हवा काढायचं तोंड, खालच्या बाजूला होता. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लागला होता, बसत होते म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. हवा वर जाते, निपल खाली, मग हवा निघणार कुठून? अदलाबदल केली आणि पंधरा मिनिटांत पेडल दगडासारखं कडक. कॅलिपर बसवताना निपल आकाशाकडे पाहिजे, एवढं लक्षात ठेवलंत तरी तुमची एक दुपार वाचेल.

चाचणी मोकळ्या, खाजगी जागेत, ड्रायव्हर एकटा आणि डिकी रिकामी, कारण मागे वजन कमी असतानाच मागचं चाक लवकर जाम होतं. बाहेर एक जण बाजूला सुरक्षित अंतरावर उभा राहून बघणार की आधी कुठलं चाक थांबतं. इथे एक चकवा आहे. ओल्या किंवा मातीच्या जमिनीवर गाडी तेवढ्या जोरात थांबत नाही, त्यामुळे वजनही कमी सरकतं. वरच्याच गाडीचं धरलं तर निम्म्या जोराच्या ब्रेकिंगला मागे २१० ऐवजी २८५ किलो राहतात आणि मागची चाकं नीट धरतात. म्हणजे मातीत पास झालेली गाडी कोरड्या डांबरावर नापास होऊ शकते. मित्राची गाडी मातीवरच चालते म्हणून ३४ चा पिस्टन आम्हाला चालला. तोच सेट मी माझ्या रस्त्यावरच्या गाडीला लावला नसता.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. उद्या अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरला मागे घरी केलेले ब्रेक दिसले तर क्लेमचं काय होईल ते वेगळंच. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीत हात घालायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. मित्राची गाडी टेंपोवर चढून जाते त्याचं कारणही हेच.

नवीन पॅड आणि डिस्क बसवून घ्यायला सुरुवातीला मध्यम वेगावरून हळूहळू वीस-पंचवीस ब्रेक मारायचे, मध्ये गार होऊ द्यायचं, गाडी गरम ब्रेकवर दाबून उभी ठेवायची नाही. दोनेकशे किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे, होज कुठे घासत नाही ना ते चाक पूर्ण वर-खाली करून बघायचं, आणि हँडब्रेकची केबल एकदा ताणायची, नवीन केबल थोडी लांबतेच. मित्राच्या गाडीत तिसऱ्या इव्हेंटनंतर आम्ही उघडून बघितलं, दोन्ही बाजूंचे पॅड सारखे झिजले होते, आणि पुठ्ठ्याचं ते ब्रॅकेट त्याने गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवलंय, पुढच्या गाडीसाठी माप म्हणून.